पाऊस गेला की सुरू करा: वेंगुर्ल्यात राहून ऑइल पेंटिंग शिकताना

२०२५ च्या डिसेंबरात माझ्या पहिल्या ऑइल पेंटिंगला वार्निश लागलं आणि ते एकदाचं पूर्ण झालं. सामानाची पहिली ऑर्डर टाकली होती जून २०२४ मध्ये, म्हणजे दीड वर्ष गेलं. त्यात प्रत्यक्ष ब्रश हातात होता तो वेळ बघितला तर फार थोडा, बाकी सगळं सामान मिळवणं, शिकवणारे सर मोकळे होण्याची वाट बघणं आणि रंग वाळण्याची वाट बघणं. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आपण सुरू करायला जातो पण ते एकतर परदेशातल्या कोरड्या हवेतले नाहीतर मुंबई-पुण्यातले, जिथे रिक्षा केली की आर्ट मटेरियलच्या दुकानात पोचता येतं. आपल्याकडे समुद्राची दमट हवा, चार महिने पाऊस, आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली घरपोच यायला तयार नाही. कोकणात राहून कुणाला तैलरंग सुरू करायचे असतील तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

मी काजूच्या फॅक्टरीत हिशेबाचं काम बघते. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, नंतर संसारात सगळं मागे पडलं, लॉकडाऊनमध्ये परत वॉटरकलर हातात घेतले. पण आमच्या घराशेजारच्या पाणंदीला जुना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणाची भिंत आहे, तो मला वॉटरकलरमध्ये हवा तसा येत नव्हता. त्या दगडाला जे वजन आहे, भोकं आहेत, पावसानंतर वाळून काळं पडलेलं शेवाळ आहे, ते सगळं जाड रंगाने करून बघावं असं फार दिवस मनात होतं. तैलरंगाचं नाव काढलं की मात्र दोन भीत्या, एक खर्चाची आणि दुसरी वासाची, कारण सासूबाईंना दमा आहे.

माझी भाची सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टला शिकते. तिला फोन केला तर तिचं पहिलं वाक्य, "मामी, बारा रंगांचा सेट घेऊ नको, सुट्ट्या ट्यूब घे." तिने यादी पाठवली ती इथे देते कारण माझं अजूनही तेवढ्यावरच चाललंय: टायटेनियम व्हाइटची मोठी ट्यूब, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळा नाही आणि हिरवाही नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळला की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो आणि तो काळ्यापेक्षा जिवंत दिसतो, आणि हिरवे तर निळ्या-पिवळ्यातून इतके निघतात की कोकणातली सगळी झाडं त्यात बसतात. ब्रश हॉगचे म्हणजे राठ केसांचे, तीन चपटे आणि एक फिल्बर्ट म्हणजे गोलसर टोकाचा, एक पेंटिंग नाइफ, रिफाइन्ड लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचं तेल, डिस्टिल्ड टर्पेंटाइन, आणि १० बाय १२ इंचाचे कॅनव्हास बोर्ड. ताणलेला कॅनव्हास पहिल्यांदा नको म्हणाली, बोर्ड स्वस्त पडतो आणि घरात कुठेही उभा करता येतो.

१२ जूनला रात्री ऑर्डर टाकली. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर घेतले, सगळे रंग मिळून सातशेच्या आसपास गेले, ब्रश चारशे, नाइफ सव्वाशे, लिनसीड शंभर-सव्वाशे, बोर्ड नव्वद रुपयांना एक. टेबलवर ठेवायचा ईझल साडेसहाशेचा, तो नसता घेतला तरी चाललं असतं कारण सुरुवातीला खुर्चीच्या पाठीला टेकवूनही बोर्ड छान उभा राहतो. टर्पेंटाइन सोडून एकूण अडीच हजाराच्या आत सगळं बसलं.

टर्पेंटाइनची कथा वेगळी. १५ जूनला मेसेज आला की तुमच्या ऑर्डरमधली एक वस्तू रद्द झाली आहे. कारण काही लिहिलेलं नाही. कस्टमर केअरला फोन लावला, बराच वेळ गाणं ऐकल्यावर एका मुलीने सांगितलं की ही वस्तू ज्वलनशील वर्गात येते, विमानाने जात नाही, फक्त रस्त्याने जाते आणि तुमच्या पिनकोडला रस्त्याने पाठवायची सोय नाही. पैसे परत यायला २७ जून उजाडला. मग मुंबईच्या बहिणीला म्हटलं तू तिकडे विकत घे आणि कुरियर कर, तर कुरियरच्या काउंटरवर तिला फॉर्म भरायला लावला, त्यात आतल्या वस्तूचं नाव लिहायचं होतं, तिने खरं ते लिहिलं आणि पार्सल घेतलं नाही. पोस्टातही ज्वलनशील वस्तू चालत नाहीत. रेल्वेने येणाऱ्या कुणाच्या बॅगेत घालून आणायचा विचारसुद्धा करू नका, गाडीत असले पदार्थ न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शेवटी सावंतवाडीला गेले होते तेव्हा एका स्टेशनरीच्या दुकानात शंभर मिलीच्या बाटल्या दिसल्या, धुळीने भरलेल्या पण सीलबंद. तेव्हा आधी जवळच्या तालुक्याच्या गावातल्या, चित्रकलेच्या परीक्षांचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, मग बाकीचे उद्योग करा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते टर्पेंटाइन बहुतेक पेट्रोलियमपासूनचं असतं, ते ब्रश धुवायला वापरता येतं, रंगात मिसळायला मी वापरत नाही.

सामान घरात आलं तो जुलै आणि शिकवणारं कुणी नाही. आमच्या इकडे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, चित्रकला शिक्षकाचा एटीडी हा डिप्लोमा केलेले, पावसाळ्यात त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती करायचा कारखाना चालतो. त्यांच्याकडे गेले तेव्हा शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती, फळ्यांवर ओळीने मूर्ती आणि शाडू वाळावा म्हणून हॅलोजन लावून ठेवलेले. सर म्हणाले, "आता नको. चतुर्थी होऊंदे, मग ये. पाऊस असताना तेलाक घाई चलना नाय." मला तेव्हा वाटलं सर कामात आहेत म्हणून टाळतायत. पण नंतर कळलं की ते शब्दशः खरं होतं. वॉटरकलरमधलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो, तैलरंगातलं तेल तसं उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याचीच पापडी बनते, आणि हवा थंड आणि दमट असली की हे काम रेंगाळतं. म्हणजे ऐन पावसात सुरू केलं असतं तर पहिलाच बोर्ड कितीतरी दिवस चिकट राहिला असता आणि मी कंटाळून सोडून दिलं असतं.

सरांनी रिकाम्या हाताने मात्र पाठवलं नाही. घरी बसून पेन्सिलने पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत टोनच्या पट्ट्या करायला सांगितल्या, नऊ घरांची पट्टी, मधली पायरी चुकली की पुन्हा. मी रविवारी शाळेत जाऊन बसायचे. शाळेच्या भिंतीवर त्या समईवाल्या बाईच्या चित्राचा एक जुना छापील कागद लावलेला आहे, हातात समई धरून उजेड तळव्याने अडवणारी, १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं ते चित्र. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मी म्हटलं सर, ऑइलमध्येच असा उजेड येतो ना, तर सर म्हणाले ते वॉटरकलर आहे. पुष्कळ लोक ते तैलचित्र समजतात. बोटांच्या कडेला जो तांबूस उजेड दिसतो तो बाजूच्या गडद भागामुळे दिसतो, पिवळ्या रंगाच्या महाग ट्यूबमुळे नाही, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं आणि परत पट्ट्या करायला लावल्या. त्या नऊ घरांनी मला पुढे सगळ्यात जास्त साथ दिली, हे मनापासून सांगते.

२०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. विसर्जनं झाली, सर आठ-दहा दिवस झोपले असं त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून क्लास सुरू झाला. शनिवार-रविवार संध्याकाळी दोन तास, महिन्याला बाराशे रुपये.

वासाचं आधी सांगते कारण घरात त्यावरून गडबड झाली. पहिल्याच दिवशी घरी माजघरात टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि आई, म्हणजे सासूबाई, आतून ओरडल्या, "ह्यो वास घरात नको गो बाय, माका धाप लागता." त्याच संध्याकाळी सगळा पसारा पडवीत हलवला, आणि तिथेच तो कायमचा राहिला. वास येतो तो टर्पेंटाइनचा, तेलाला किंवा रंगाला फारसा वास नसतो. म्हणून आता मी टर्पेंटाइन फक्त पहिल्या पातळ थराला वापरते, तेही झाकणाच्या छोट्या डबीत चमचाभर काढून, ब्रश बुडवला की झाकण बंद. पुढच्या थरांना नुसता रंग आणि गरज पडली तर लिनसीडचा थेंब. घरात दम्याचं माणूस, लहान मूल असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा. पडवीला एक वेगळी अडचण, संध्याकाळी दिवा लावला की चिलटं येऊन ओल्या रंगात चिकटतात. ती ओल्यातून काढायला गेलं की रंग फाटतो. तशीच राहू द्यायची, वाळल्यावर मऊ ब्रशने झटकली की निघतात.

पहिला धडा एका रंगात. बर्न्ट अंबर आणि व्हाइट एवढंच पॅलेटवर, समोर मातीचं मडकं आणि सोललेला नारळ. पांढऱ्या बोर्डवर पहिला हात मारायला मला खूप वेळ लागला, एवढ्या महागाचा रंग वाया जाईल की काय ही धास्ती हातातून जात नव्हती. सरांनी माझा ब्रश घेतला, अंबर टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ केला, पूर्ण बोर्डला फासला आणि चिंधीने पुसून टाकला. पांढरं गेलं, त्याबरोबर माझी धास्तीपण बरीच गेली. कोरा पांढरा बोर्ड समोर असला की आपण सगळेच टोन फिके लावतो, मधल्या टोनवर सुरू केलं की गडद काय आणि उजळ काय दोन्ही लगेच कळतं. त्यावर पातळ रंगानेच रेघा, मग सगळे गडद भाग, मग मधले, आणि उजेड सगळ्यात शेवटी, जाड. अंबर लवकर वाळतो, तो मातीचा रंग आहे आणि त्या मातीत मँगनीज असतं ते तेलाला वाळायला मदत करतं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तो पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा झाला, पण नारळावरचा पांढरा मात्र आठवड्यानंतरही बोटाला येत होता. मी सारखं बोट लावून बघायचे. सर वैतागून म्हणाले, "सुकतलो तेव्हा सुकतलो, तू बोट लावू नको."

दिवाळीनंतर गडगा घेतला. ज्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं तेच. सकाळी आठच्या सुमाराला पाणंदीत ऊन तिरकं येतं, त्या वेळी फोनवर फोटो काढून ठेवले आणि शिवाय एक चिऱ्याचा तुकडा उचलून पडवीत पॅलेटच्या शेजारी आणून ठेवला. फोटोत जांभा नुसता लाल दिसतो. तुकडा हातात घेऊन बघितला तर लाल असा कुठेच नव्हता, फोडलेल्या बाजूला नारिंगी, त्यात पिवळ्या मातीच्या शिरा, भोकांच्या आत जांभळट तपकिरी, आणि वरच्या अंगाला वाळलेल्या शेवाळाचा काळा-राखाडी पापुद्रा. बर्न्ट सिएनाची ट्यूब पिळून त्या दगडाच्या शेजारी नाइफने ओढली आणि इतकी जवळची निघाली की मी सरांना हाक मारली. ते म्हणाले जवळची निघणारच, दोन्हीत लोखंडाचा गंजच आहे. यलो ऑकर, बर्न्ट सिएना ह्या मुळात आयर्न ऑक्साइडच्या माती, पिवळट माती भाजली की तांबडी होते, आणि जांभ्याचा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच. ज्या मातीवर आपण घरं बांधतो तीच रंगाच्या ट्यूबमध्ये बघून मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. मग उन्हातल्या बाजूला सिएनात ऑकर आणि पांढरा, सावलीत सिएनात अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचा ठिपका, शेवाळाला अल्ट्रामरीन, अंबर आणि थोडा ऑकर. मागच्या काजूच्या झाडांचा हिरवा लेमन यलोने केला तर फार कच्चा, टोचणारा आला, ऑकरने केला तेव्हा तो गडग्याच्या मागे जाऊन बसला. दगडाची भोकं ब्रशने काढत बसायची नाहीत, जाड रंग नाइफने लावून नाइफ जरा उचलला की आपोआप खड्डे पडतात, त्यातलेच योग्य ते ठेवायचे.

इथे तैलरंगातला मुख्य नियम येतो. आधी पातळ, मग तेलकट. खालचा थर कमी तेलाचा, वरचा त्याहून जास्त तेलाचा. उलटं झालं तर वरचा आधी वाळतो, खालचा तेलकट थर नंतर हालतो आणि वरच्याला भेगा पडतात. म्हणून पहिला थर टर्पेंटाइनचा, दुसरा नुसत्या रंगाचा, तिसऱ्यात लिनसीड. आणि दोन थरांमध्ये खालचा हाताला कोरडा लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर सगळे रंग एकमेकांत जाऊन राखाडी चिखल होतो. दुसरा थर वाळल्यावर सावलीचा भाग एकदम निस्तेज, खडूसारखा दिसायला लागला, मला वाटलं रंग खराब निघाला. तसं नसतं, खालचा थर वरचं तेल पिऊन घेतो आणि मातीच्या रंगांत हे जास्त होतं. सरांनी कापडाला लिनसीडचा अगदी थोडा हात देऊन तेवढा भाग पुसला, जादाचं तेल टिपून घेतलं, लगेच ओल्यासारखा खरा रंग वर आला आणि त्यावर पुढचं काम केलं. फक्त पूर्ण वाळलेल्या थरावरच करायचं हे.

तेलाबद्दल एक महत्त्वाचं, खास आपल्या लोकांसाठी. घरात खोबरेल भरपूर असतं म्हणून ते रंगात घालायचा मोह होईल, घालू नका, खोबरेल कधीच वाळत नाही, रंग कायमचा चिकट राहील. खायचं जवसाचं तेलही नको, चित्रकलेचं रिफाइन्डच घ्या. ब्रश धुवायला मात्र आधी कागदाने रंग पुसून मग जरा खोबरेल चोळलं तर रंग सुटतो आणि टर्पेंटाइन वाचतं, पण नंतर साबणाने तळहातावर घासून घासून पूर्ण तेल काढायचं, केस बोटांनी चपटे करून आडवे ठेवायचे. टर्पेंटाइन फेकू नका. दोन बरण्या ठेवा, वापरलेलं एका बरणीत राहू द्या, काही दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ दुसरीत ओतून परत धुवायला चालतं. गाळ विहिरीच्या जवळपास, मोरीत, माडाच्या बुंध्यात कुठेही ओतायचा नाही, मी जुन्या डब्यात वाळवून तो डबा कचऱ्यात देते.

आणि चिंध्या. हे कृपा करून गंभीरपणे घ्या. लिनसीडच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर तेल वाळताना जी उष्णता निघते ती आत कोंडते आणि त्या आपणहून पेट घेऊ शकतात. सरांच्या अंगणात काथ्याच्या दोरीवर एकेक चिंधी चिमट्याने लावलेली असते, पूर्ण कडक वाळली की मग कचऱ्यात. घरी मी तेच करते, आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावते.

गडग्याचं रंगकाम फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी संपलं. थंडीत आमच्याकडे हवा जरा कोरडी असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम चांगलं पुढे जातं, माझा अनुभव तरी तसा. त्यात क्रिमसन आणि पांढरा वाळायला वेळ घेतात, त्यामुळे ज्या भागात ते होते तिथे पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागलं. या थांबण्याच्या दिवसांत सुरुवातीला फार अस्वस्थ वाटायचं, ऑफिसातून आल्यावर पडवीत जाऊन नुसतं बघायचे. मग सरांनी दुसरा बोर्ड सुरू करायला लावला, एक वाळतोय तोवर दुसऱ्यावर काम, आणि ते बघत राहण्याचेही फायदे कळायला लागले, गडग्याच्या उजव्या कोपऱ्यातली सावली चुकीच्या दिशेची आहे हे मला आठवडाभर बघितल्यावरच दिसलं आणि ओला असताना हात न लावल्यामुळे वाळल्यावर वरून नीट दुरुस्त करता आली.

आता वार्निश. ते रंग वरवर वाळला म्हणून लगेच लावायचं नसतं, थर किती जाड त्यावर सहा महिने ते वर्षभर थांबतात. फेब्रुवारीपासून सहा महिने म्हणजे ऑगस्ट, भर पाऊस. त्यात २०२५ चा पाऊस मे मध्येच आला, २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोचलासुद्धा. बोर्ड कुठे ठेवायचा हा मोठा प्रश्न झाला. आईंनी मायेने सांगितलं, कपाटात ठेव, ओल धरू नये म्हणून आत चाळीस वॅटचा बल्ब लावलेलाच आहे, साड्या राहतात तसं चित्रही राहील. पण लिनसीडचा थर अंधारात ठेवला की पिवळट पडतो, त्याला उजेड लागतो आणि हलती हवा लागते. म्हणून वरच्या खोलीत खिडकीच्या समोरच्या आतल्या भिंतीवर टांगला, थेट ऊन नाही, पागोळ्यांचं पाणी नाही, आणि मागे भिंतीला चिकटू नये म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे लावले. तरी जुलैत मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी आलीच. रंगाच्या बाजूला काही नव्हतं. कोरड्या ब्रशने अंगणात नेऊन झटकली, मागे पंखा लावला, दर रविवारी उलटून बघत राहिले. नवे कोरे बोर्डसुद्धा जूनच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करून ठेवा, माझ्या मैत्रिणीचे दोन तसेच फडताळात राहिले आणि फुगून वाकडे झाले.

ऑगस्टमध्ये सरांना विचारलं, सहा महिने झाले, लावू का. म्हणाले आता लावलंस तर धुकं बसेल. दमट हवेत वार्निश लावलं की त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. ऑक्टोबर बघू म्हटलं तर पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत हटला नाही, इकडे लोकांचं कापलेलं भात भिजत होतं, तिथे माझ्या वार्निशचं काय. शेवटी डिसेंबरात थंडी पडल्यावर एका कोरड्या दुपारी काम केलं. आधी परीक्षा, पांढऱ्या कापडाला किंचित टर्पेंटाइन लावून कोपऱ्यात हलकं पुसायचं, कापडाला रंग आला तर अजून थांबायचं. आला नाही. बोर्ड टेबलावर आडवा, धूळ झटकून, रुंद मऊ ब्रशने एकच पातळ हात एका दिशेने, परत परत फिरवायचं नाही. मग वर उलटी परात आडवी टेकवून ठेवली, धूळ आणि चिलटं बसू नयेत एवढ्यासाठी, बाजूने हवा राहील अशी. वार्निशची छोटी बाटली दोनशेच्या आत मिळाली, तीपण घरपोच आली नाही, सावंतवाडीच्या त्याच दुकानात सांगून ठेवलं तर महिनाभरात मागवून दिली. वार्निश लागल्यावर सावलीतला जांभळा असा वर आला की आई उठून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो आपलोच गडगो मा?"

फ्रेम कुडाळला केली, साडेचारशे रुपये. काच लावायची नाही, फ्रेमवाल्याला आधीच सांगा, तो सवयीने लावतो. चित्र बहिणीला द्यायचं कबूल केलं होतं. पॅकिंगला समोरच्या बाजूला गुळगुळीत बटर पेपर, बबल रॅप थेट रंगावर टेकवला तर गोलांचे ठसे उठतात, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप, मग खोका. कुरियरच्या फॉर्मवर 'तैलचित्र' एवढंच लिहिलं तर काउंटरवरच्या मुलाने तेल आहे का म्हणून खोका बाजूला ठेवला, मग 'वाळलेलं चित्र, फ्रेमसह, द्रव पदार्थ नाही' असं लिहिलं, किंमत म्हणून सामान आणि फ्रेमचा खर्च घातला, आधारची झेरॉक्स दिली, तेव्हा घेतलं. तीनशे चाळीस रुपये झाले आणि चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

सध्या बोर्डवर बंदरावरच्या ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. अंबरचा पातळ थर आणि गडद भाग झालेत, निळ्या होडीचा दुसरा थर या आठवड्यात लावणार, आणि पांढरा आहे तो फेब्रुवारी संपायच्या आत उरकायचा म्हणजे मे पर्यंत पक्का होईल. लेमन यलोची ट्यूब अजून अर्धी आहे, टायटेनियम व्हाइट मात्र दुसरी आणलीय, तेव्हा पांढरा घेताना मोठाच घ्या.